माळकऱ्यानं सिंगापुरात कुठं आणि कसं जेवावं

गंगाखेडच्या एक बाई गेल्या महिन्यात मुद्दाम परभणीला माझ्याकडं आल्या. मुलगा सिंगापूरला, दोन महिने त्याच्याकडं राहायला जायचं, गळ्यात तुळशीची माळ. पिशवीतून त्यांनी यादी काढून माझ्यापुढं ठेवली. ज्वारीचं पीठ पाच किलो, येसर, शेंगदाण्याची चटणी, धपाट्याचं पीठ, सुशील्यासाठी चुरमुरे, पातळ पोहे. "ताई, मी तर ठरवलंय, तिकडं घराबाहेर तोंडात काही घालायचंच नाही," म्हणाल्या. मला वाईट वाटलं, कारण मीसुद्धा असंच ठरवून गेले होते आणि पहिले तीन आठवडे वाया घालवले होते. दुपारभर त्यांना बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. तेच इथं लिहिते. जिंतूर-पाथरीकडच्या, नांदेड-लातूरकडच्या आणखी कुणाची लेकरं तिकडं असतील तर उपयोगी पडेल.

मी परभणीत बावीस वर्षं खानावळ चालवली. त्या धंद्यात एक सवय लागते. ताटात काय वाढलंय हे नंतर बघायचं, आधी ते कशात शिजलं, कोणत्या तेलात तळलं, डाव कोणत्या पातेल्यातून आला हे बघायचं. सिंगापुरात हीच सवय कामाला येते. पदार्थाच्या नावावर तिथं विसंबू नका.

सुरुवात विमानापासून होते. आपल्याकडची बहुतेक मंडळी रेल्वेनं हैदराबाद गाठतात आणि तिथून विमानानं जातात. तिकीट काढताना जेवणाचा प्रकार निवडायचा असतो आणि तिथं 'हिंदू मील' असं लिहिलेलं दिसतं. आपण हिंदू म्हणून ते निवडू नका. त्यात गाईचं आणि डुकराचं मांस नसतं, पण कोंबडी, बकरा, मासा असू शकतो. आपल्याला हवं ते 'एशियन व्हेजिटेरियन', त्याची खूण ए-व्ही-एम-एल. कांदा-लसूण नको असेल तर 'जैन', म्हणजे व्ही-जे-एम-एल. हे निघण्याआधी किमान चोवीस तास सांगून ठेवावं लागतं. स्वस्तातल्या विमानात जेवण वेगळं विकत घ्यावं लागतं, तेही तिकिटाबरोबरच सांगून टाका.

मी गेले २०२४ च्या श्रावणात आणि दसरा करून परतले. म्हणजे ऐन चातुर्मास. माझा कांदा-लसूणही बंद. लेकीचं घर सेंगकांगला, जांभळ्या रंगाच्या मेट्रो लाइनवर. ही लाइन लक्षात ठेवा, कारण पुढं सांगितलेल्या बऱ्याच जागा तिच्यावरच आहेत. एक आत्ताच सांगते : मेट्रोत खाणं-पिणं पूर्ण बंद आहे, पाचशे सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड होतो. डब्यातला धपाटा गाडीत उघडू नका.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. एका मॉलच्या फूड कोर्टात लेक बिल द्यायला गेली होती, तोवर मी समोरच्या स्टॉलवर 'व्हेजिटेबल सूप' मागितलं. पालेभाजी, टोफू म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर, वर गरम पाणी. दोन चमचे घेतले आणि वाटीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढे वाळवलेले मासे दिसले. माझा हातच थांबला. घरी येऊन आंघोळ केली, विठोबापुढं बसून राहिले, त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, त्या स्टॉलवाल्या बाईनं मला फसवलं नव्हतं. मी भाजीचं सूप मागितलं, तिनं भाजीचं सूप दिलं. 'व्हेजिटेबल' म्हणजे भाजी घातलेलं. 'व्हेजिटेरियन' म्हणजे आपलं. या दोन शब्दांतला फरक पक्का करा. 'व्हेजिटेबल फ्राइड राइस'मध्ये अंडं बहुतेक असतंच. 'नो मीट' म्हटलं तर मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा समोर येईल.

ते बारीक वाळवलेले मासे म्हणजे इकान बिलिस. रश्श्याला चव आणायला ते घालतात, आपण फोडणीत जिरं घालावं तितक्या सहज. त्यांच्या जोडीला बेलाचान, म्हणजे कोळंबी आंबवून केलेला गोळा. सांबल नावाची जी लाल चटणी सगळीकडं असते तिच्यात तो असतो, म्हणून कितीही आपल्या ठेच्यासारखी दिसली तरी विचारल्याशिवाय बोट बुडवू नका. परतलेल्या पालेभाजीवर जो तपकिरी चकचकीत रस असतो तो बहुतेक ऑयस्टर सॉस, शिंपल्यातल्या जिवाचा. चिकन राइसमधला नुसता भात मागून उपयोग नाही, तो कोंबडीच्या पाण्यातच शिजतो. लाक्सा म्हणजे नारळाच्या तिखट रश्श्यातल्या शेवया, त्यात वाळकी कोळंबी वाटून घातलेली असते. 'कॅरट केक' ऐकून गाजराचा केक वाटेल, पण तो मुळ्याचा आणि तांदळाच्या पिठाचा, तव्यावर अंड्यात परतलेला. ब्रेडला लावून देतात तो काया नारळाच्या दुधाचा असतो, त्यातही अंडं. योंग ताव फू हा प्रकार मला सगळ्यात फसवा वाटला. काचेमागं टोफू, भेंडी, मिरची, कारलं मांडलेलं, आपणच निवडून टोपलीत घ्यायचं. पण त्या भेंडीच्या, मिरचीच्या पोटात माशाचं सारण भरलेलं असतं.

आणि हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आमच्या ओळखीतल्या एका शिकलेल्या माणसानं हलालची पाटी बघून बिनधास्त ऑर्डर दिली होती.

आता जेवायचं कुठं ते सांगते. सोपी जागा आधी. जांभळ्या लाइनवर लिटल इंडिया स्टेशनला उतरा, बाहेर पडलं की सेरंगून रोडचा भाग. तिथं पोचल्यावर जीव भांड्यात पडतो. मोगऱ्याचे गजरे, नारळ, उदबत्त्या, वीरमाकाळी अम्मनचं देऊळ. आनंद भवन १९२४ पासूनचं, कोमला विलास १९४७ पासूनचं. दोन्ही पूर्ण शाकाहारी. कोमला विलासमध्ये केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या वाढतात, पंगतीला बसल्यासारखं वाटतं. मेन्यूवर डोशाचं स्पेलिंग वेगळं असतं, 'थोसै' असं वाचावं लागतं, तो डोसाच. इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, नारळ आणि साखर घालून देतात त्याला पुटु मायम म्हणतात. आमच्या ह्यांना तो इतका आवडला की रोज तोच.

पण लिटल इंडियातलं प्रत्येक हॉटेल शाकाहारी नसतं. पाटीवर 'प्युअर व्हेजिटेरियन' लिहिलेलं बघूनच आत शिरा. वडाही विचारून घ्या, वर अख्खी कोळंबी खोचून तळलेला वडा सिंगापुरात फार चालतो आणि त्याच कढईत साधाही तळला जातो. परोट्याला तिथं प्राटा म्हणतात. कणकेत अंडं आहे का आणि सोबतचा रस्सा डाळीचा आहे का माशाचा, हे दोन्ही विचारायचं. टेक्का सेंटरला भाजी आणायला जरूर जा, शेवग्याच्या शेंगा, दोडके, कढीपत्ता सगळं मिळतं, मात्र मासळी-मटणाचा बाजार त्याच छपराखाली आहे, ही तयारी मनाशी ठेवून जा.

बहुतेक मराठी आईबाप इथंच थांबतात. रोज तोच डोसा, तोच रस्ता, आणि महिन्याभरानं म्हणतात, तिकडं खायला काही मिळत नाही. मीही तेच म्हणायला लागले होते.

सिंगापुरातले चारातले जवळजवळ तीन लोक चिनी वंशाचे. चिनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं जे येतं ते बाजूला ठेवा. त्यांच्यात बौद्ध आणि ताओ मार्गातले कितीतरी लोक आहेत जे जन्मभर मांसाला हात लावत नाहीत, आणि त्याहून जास्त असे जे ठरावीक तिथ्यांना लावत नाहीत. शिवाय या शाकाहारात पाच वास वर्ज्य असतात : कांदा, लसूण, पातीचा कांदा, त्याच्याच जातीच्या इतर पाती, आणि काही जण हिंगही सोडतात. चातुर्मासात मला लिटल इंडियात प्रत्येक सांबाराला विचारावं लागत होतं, कांदा आहे का. चिनी बौद्ध स्टॉलवर तो प्रश्नच उरला नाही. माझ्या माळेच्या सगळ्यात जवळचं जेवण मला त्या लोकांच्या हातचं मिळालं, आणि हे मी परत आल्यापासून भेटेल त्याला सांगते.

असा स्टॉल ओळखायचा कसा? एक चिनी अक्षर शिकून घ्या. त्याचा उच्चार 'सू'. वर तीन आडव्या रेघा, त्यांना मधोमध छेदणारी उभी रेघ, आणि खाली वळसे दिलेल्या दोऱ्यासारखी आकृती, तिला तीन पाय. लेकीनं मला ते फोनमध्ये काढून दिलं होतं. दोन दिवसांत डोळ्यांना सवय झाली आणि जिथं तिथं दिसायला लागलं. काही पाट्यांवर कमळ असतं, काहींवर आपल्यापेक्षा उलट्या बाजूला वळलेलं स्वस्तिक. ते बुद्धाचं. घराजवळच्या जवळजवळ प्रत्येक हॉकर सेंटरमध्ये किंवा कॉफी शॉपमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल असतात अशा जागी, असा एखादा स्टॉल सापडतो. सकाळी लवकर उघडतात, दुपारनंतर बरेच बंद होतात, म्हणून नाश्त्याला किंवा लवकर जेवायला जा.

पहिल्या दिवशी बी हून घ्या. तांदळाच्या बारीक शेवया परतलेल्या, त्यावर कोबी, सोयाच्या दुधाच्या सायीचे तळलेले तुकडे, हवी तर मिरचीची चटणी. काचेमागच्या परातींतून दोन-तीन भाज्या बोटानं दाखवायच्या, चार-पाच डॉलरांत पोट भरतं. डॉलर तेव्हा साठ रुपयांच्या वर होता. मनात गुणाकार करत बसलात तर घास उतरणार नाही, पहिल्या आठवड्यातच ती सवय सोडा.

एका गोष्टीला मात्र मन घट्ट करावं लागतं. या शाकाहारी स्टॉलवरच्या पाट्यांवर 'मटण', 'चिकन', 'फिश' असे शब्द असतात आणि परातीतले तुकडेही दिसायला तसेच. मी पहिल्यांदा उलट्या पावली परत फिरले होते. मग काउंटरवरच्या आजींना खुणेनं विचारलं, त्यांनी आत नेऊन कणकेचा गोळा दाखवला, आणि मला लगेच उमगलं. आपण कुरडयांना गहू भिजवून वाटतो, चीक घेतो आणि चोथा टाकून देतो. हे लोक कणीक मळून पाण्याखाली धूत राहतात, पांढरा चीक वाहून जाऊ देतात आणि मागं राहिलेला रबरासारखा चिवट गोळा घेतात. तो गव्हाचाच जीव. तो उकडायचा, तळायचा, मसाल्यात मुरवायचा. काही पदार्थ सोयाबीनचे, काही अळिंबीचे, आणि तिथं जी नकली कोळंबी असते ना, ती कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाची. आपल्या मराठवाड्यात सोयाबीनचे ढीग मोंढ्यावर येतात आणि आपण तेल काढून पेंड विकतो. त्या लोकांनी त्याच दाण्याचे किती प्रकार केलेत ते बघून माझ्यातली खानावळवाली हरखून गेली. ज्यांना तो आकार नकोच वाटतो त्यांनी तो मागू नये, भाजी आणि टोफू भरपूर असतं. मी शेवटपर्यंत माशाच्या आकाराचं काही खाल्लं नाही. गव्हाचा रस्सा मात्र मनापासून खाल्ला.

अंडं तेवढं विचारा. काही स्टॉल अंडं वापरतात, आणि त्या नकली माशा-मांसाच्या सारणातही कधी अंड्याचा पांढरा भाग असतो. 'व्हीगन' लिहिलं असेल तर दूध-अंडं दोन्ही नाही, मग काळजीच मिटली.

मोठी जागा बघायची तर लिटल इंडियाहून निळी लाइन घेऊन बुगिसला उतरा, वॉटरलू स्ट्रीटवर चालत जा. तिथं क्वान यिम या करुणेच्या देवीचं मोठं चिनी मंदिर आहे, आणि त्याला लागून श्रीकृष्णाचं देऊळ, १८७० मधलं. चिनी माणसं आपल्या देवीला उदबत्ती लावून बाहेर येतात आणि कृष्णाच्या दारातही उदबत्ती लावून हात जोडतात. मी ते बघत कितीतरी वेळ उभी राहिले. जवळच मिडल रोडवर फॉर्च्युन सेंटर नावाची जुनी इमारत आहे, तिच्यात शाकाहारी खाण्याची अनेक दुकानं आहेत. वर-खाली फिरून बघा, मग बसा.

तिथ्यांचं आता. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक शाकाहार पाळतात. पंधरावा दिवस म्हणजे साधारण आपली पौर्णिमा. त्या दिवशी या स्टॉलवर रांगा लागतात, म्हणून लवकर जा. पण त्यांच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस मला सगळ्यात भावले. नऊ सम्राट-देवांचा उत्सव. लोक पांढरे कपडे घालतात, नऊ दिवस शाकाहारी राहतात, स्टॉलवर पिवळे झेंडे लागतात. माझ्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, आमची घटस्थापना आणि त्यांचा पहिला दिवस एकच आला. लेकीच्या घरी घट बसला होता आणि खाली कॉफी शॉपात पिवळा झेंडा. दरवर्षी तारखा अशा जुळत नाहीत, अधिक महिना त्यांच्याकडं वेगळ्या वेळी पडला की पुढंमागं होतात, पण जुळल्या तर ते नऊ दिवस सोडू नका.

उपवासाला हॉकर सेंटरमध्ये फळांचा स्टॉल असतोच, पपई, पेरू, अननस कापून मिळतात. साबुदाण्याची खिचडी घरीच करावी. बाहेर साबुदाणा गोड मिळतो, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून, त्याला सागो गुला मेलाका म्हणतात. दाणे तिथं कधी सागो ताडाचे असतात, कधी कंदाचे. ज्यांना ते उपवासाला चालत नाहीत त्यांनी एरवी खावा, चव सुरेख.

आपल्या नांदेडच्या हुजूर साहिबचा लंगर जेवलेल्यांना आणखी एक जागा. जांभळ्या लाइनवर बून केंग स्टेशनपासून जवळ, टाउनर रोडला सेंट्रल सिख टेम्पल आहे. डोकं झाकून, पाय धुऊन आत जायचं, मांडी घालून किंवा बाकावर बसायचं, डाळ-रोटी वाढतात. मी नांदेडजवळची आहे म्हटल्यावर वाढणाऱ्या सरदारजींनी दोन्ही हात जोडले आणि पुन्हा डाळ वाढली. चायनाटाउनमध्ये बुद्धाच्या दाताचं मंदिर आहे, त्याच्या तळघरातही शाकाहारी जेवण मिळतं, आपल्याला वाटेल ते दान पेटीत टाकायचं.

रीतभात थोडक्यात. विकणाऱ्या माणसाला 'अंकल', बाईला 'आंटी' म्हणायचं, तुमच्यापेक्षा लहान असली तरी. टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, ते उचलू नका. जेवण झालं की ताट स्वतः उचलून ठेवायचं, २०२१ पासून तो नियमच आहे, नाही ठेवलं तर आधी लेखी ताकीद आणि मग दंड. ताट ठेवायच्या जागा हलाल आणि बिगरहलाल वेगवेगळ्या असतात, पाटी वाचून ठेवा. आपण आपल्या सोवळ्याला जपतो तसंच त्यांचंही आहे. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, घरून बाटली भरून न्या. हॉटेलच्या मेन्यूत किमतीपुढं अधिकची दोन चिन्हं असली तर दहा टक्के सेवा आणि त्यावर नऊ टक्के कर लागणार, म्हणजे दहा डॉलरचं ताट अकरा डॉलर नव्याण्णव सेंटला पडतं. चिनी हॉटेलात न मागता आणून ठेवलेले शेंगदाणे आणि ओला रुमाल बिलात येतात, नको असेल तर आधीच परत द्या.

चहा मागताना 'तेह' म्हटलं तर घट्ट गोड डब्यातलं दूध घालून देतात, आपल्याला फार गोड लागतो. 'तेह सी सिउ दाय' म्हणा, साधं डब्यातलं दूध आणि कमी साखर. साखर नकोच असेल तर 'कोसोंग'. आल्याचा हवा तर 'तेह हलिया'. मला या शेवटच्या चहानं घरची आठवण भागवली.

बोलायला तीन वाक्यं पाठ करा. चिनी माणसाला 'वो छ सू', मी शाकाहारी आहे, आणि 'बू याव दान', अंडं नको. मलय माणसाला 'साया तक माकान दागिंग, इकान, उडांग, तेलूर', मी मांस, मासा, कोळंबी, अंडं खात नाही. तमिळ माणसाला एकच शब्द पुरतो, 'सैवम'.

तरीही गडबड होते, म्हणून माझ्या लेकीनं एक कार्ड करून दिलं होतं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ अशा चारही भाषांत. त्यावर इतकंच होतं : मी मांस, मासे, कोळंबी, अंडी खात नाही. माशाचं किंवा कोंबडीचं पाणी, बेलाचान, ऑयस्टर सॉस चालत नाही. दूध चालतं. माझं जेवण या सगळ्यापासून वेगळ्या भांड्यात केलेलं असेल तरच द्या, नसेल तर 'नाही' म्हणा, मी रागावणार नाही. शेवटचं वाक्य मी सांगून घालायला लावलं. ते वाचून दोन ठिकाणी स्टॉलवाल्यांनी मान हलवून 'नाही' सांगितलं आणि शेजारच्या स्टॉलकडं बोट दाखवलं.

ते कार्ड मी गंगाखेडच्या बाईंना देऊन टाकलं. त्यांनी यादीतले पोहे, चुरमुरे खोडले, पीठ पाचाचं दोन किलो केलं. येसर तेवढा राहू दिला.